साकेची पारख : चवीचे शब्द आणि त्यांचे नियंते

तांदळापासून होणाऱ्या ज्या जपानी मद्याला बाहेरचे जग ‘साके’ म्हणून ओळखते, त्याविषयी लिहिताना पहिली अडचण नावाचीच येते. जपानी भाषेत ‘साके’ हा शब्द मद्यमात्राचा वाचक आहे. पाश्चात्त्य मद्यांच्या जोडीला बसवून तांदळाच्या मद्याचा वेगळा निर्देश करावयाचा झाल्यास ‘निहोन्शू’, म्हणजे ‘जपानी मद्य’, असे म्हटले जाते. आणि करविषयक कायद्यात त्याचे नाव ‘सेइशू’, म्हणजे ‘गाळलेले स्वच्छ मद्य’, असे आहे. वस्तू एकच, परंतु बोलणारा, परदेशी मालाशी तुलना करणारा आणि कर वसूल करणारा हे तिघे तिला तीन नावांनी संबोधितात. हा भेद केवळ नावापुरता नाही. साकेच्या निरनिराळ्या प्रकारांची चव घेऊन त्यांत बरेवाईट ठरविण्याचा जो दीर्घ व्यवहार जपानमध्ये चालत आला, त्याच्या इतिहासातही हीच गोष्ट प्रत्ययास येते. चव जिभेला कळते हे खरे; पण तिला नाव कोणी द्यावयाचे, हा प्रश्न प्रत्येक कालखंडात निराळ्या रीतीने सुटलेला आहे, आणि त्या उत्तरावर साके करणाऱ्यांचे जगणे अवलंबून राहिलेले आहे.

या व्यवहाराचे स्वरूप ध्यानात येण्यासाठी साके कशी होते हे थोडक्यात पाहिले पाहिजे. साके ही भट्टी लावून ऊर्ध्वपातनाने काढलेली दारू नव्हे. ती आंबवून केलेले मद्य आहे. तांदूळ सडून, धुऊन, भिजवून वाफेवर शिजवितात. त्यातील काही भागावर ‘कोजी’ नावाची बुरशी वाढवितात. ही बुरशी तांदळातील पिष्टाची साखर करते आणि त्याच वेळी, त्याच पिंपात, किण्व त्या साखरेचे मद्यार्कात रूपांतर करीत असते. द्राक्षाच्या रसात साखर आधीच असते; बिअरमध्ये धान्याच्या पिष्टाची साखर प्रथम होते व मग ती आंबते. साकेत मात्र या दोन्ही क्रिया जोडीने चालतात आणि म्हणूनच पाणी न मिसळलेल्या साकेत मद्यार्काचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास पोहोचू शकते. तांदळाची जात, तो किती सडला आहे, पाणी, कोजी, किण्व आणि ‘तोजी’ म्हणजे मुख्य कारागिराचा हात, यांपैकी कशातही फरक पडला की चव पालटते. साके जेथे करतात त्या जागेला ‘कुरा’, म्हणजे कोठार, म्हणतात. दोन कुरांची साके सर्वस्वी एकसारखी असणे जवळजवळ अशक्यच. भेदाची कारणे इतकी अनेक असल्यामुळे कोणता भेद महत्त्वाचा मानावयाचा, हे दर वेळी कोणाला तरी ठरवावे लागते.

एदो काळात (१६०३ ते १८६८) हे ठरविणारा मुख्य घटक व्यापारी हा होता. मध्ययुगात नारा परिसरातील बौद्ध मठांनी साकेच्या कृतीत मोठी प्रगती केली होती. साके तापवून टिकविण्याची रीत त्या भागातील एका मठाच्या सोळाव्या शतकातील रोजनिशीत नोंदलेली आढळते. लुई पाश्चरच्या प्रयोगांच्या सुमारे तीनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. पुढे इतामी, इकेदा आणि त्यानंतर आजच्या कोबे व निशिनोमिया या नगरांच्या किनाऱ्यावरील नादा हा प्रदेश यांनी आघाडी घेतली. येथील साके ‘सुगी’ लाकडाच्या पिंपांत भरून, केवळ पिंपेच वाहणाऱ्या गलबतांतून एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, जात असे. सम्राटाच्या राजधानीकडून येणारा माल ‘उतरून’ येतो अशी कल्पना असल्याने या साकेला ‘कुदारीझाके’, म्हणजे ‘उतरून आलेली साके’, असे म्हणत. समुद्रप्रवासात लाकडाचा गंध साकेत उतरे आणि एदोच्या रहिवाशांना तोच गंध प्रतिष्ठेचा वाटे. फुजी पर्वत पाहून परत आलेली, म्हणजे एदोपर्यंत जाऊन पुन्हा माघारी आणलेली साके विशेष चवदार लागते, असाही समज रूढ होता.

‘क्षुल्लक, निरर्थक’ या अर्थाचा जपानी शब्द ‘कुदारानाइ’ हा याच व्यापारातून आला, म्हणजे जी साके एदोला ‘उतरत नाही’ ती हलकी, अशी व्युत्पत्ती अनेकदा सांगितली जाते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती सावधपणेच घेतली पाहिजे. कथा सुबक असणे हा व्युत्पत्तीचा पुरावा ठरत नाही. तथापि अशी लोकव्युत्पत्ती टिकून राहावी, यावरून साकेची प्रत आणि तिचा प्रवास यांची सांगड लोकमानसात किती पक्की बसली होती, हे मात्र दिसून येते.

तुलनेची पद्धतशीर रीत म्हणजे काय, याचे एक बोलके उदाहरण याच प्रदेशात घडले. यामामुरा ताझाएमोन या साकेच्या कारखानदाराचे एक कुरा निशिनोमिया येथे व दुसरे उओझाकी येथे होते. निशिनोमियाची साके नेहमी सरस उतरे. तांदूळ तोच, कृती तीच. तेव्हा फरक कारागिरांत असेल म्हणून त्याने कारागिरांची अदलाबदल करून पाहिली, तरी निकाल पालटला नाही. शेवटी निशिनोमियाच्या विहिरीचे पाणी उओझाकीला नेऊन वापरल्यावर तेथील साकेलाही तोच गुण आला. ही घटना १८४० मधील समजली जाते. एकेक कारण वगळीत जाऊन उरलेल्या कारणाला दोष वा श्रेय देण्याची ही पद्धत कोणत्याही प्रयोगशाळेला शोभेल अशीच आहे. या पाण्याला ‘मियामिझु’, म्हणजे [निशिनो]‘मियाचे पाणी’, हे नाव मिळाले आणि आसपासच्या कुरांसाठी त्या पाण्याचाच स्वतंत्र व्यापार सुरू झाला. पुढील काळातील रासायनिक पृथक्करणाने त्याचे मर्म उलगडले : साकेचा रंग व चव बिघडविणारे लोह त्यात अत्यल्प असते आणि बुरशीला व किण्वाला पोषक अशी स्फुरद व पोटॅशियमची द्रव्ये भरपूर असतात.

नादाचे पाणी जपानच्या मानाने जड आहे. त्यात किण्वन जोमाने होते. नवी साके काहीशी रांगडी लागते व उन्हाळा ओलांडून शरद ऋतूपर्यंत मुरली की तिला सफाई येते. क्योतोजवळील फुशिमीचे पाणी त्याहून मृदू असून तेथील साके सौम्य असते. यावरून ‘नादाची पुरुषी साके, फुशिमीची बायकी साके’ अशी म्हण पडली. या म्हणीतील विशेषणे पाण्याच्या गुणावरून निघाली, परंतु त्यांचा अर्थ पाण्यापुरता राहिला नाही. जी साके ‘पुरुषी’ ती खरी, आणि मृदू पाण्याची साके म्हणजे दुय्यम, असे तारतम्य या शब्दांतूनच सूचित होऊ लागले.

या तारतम्याला पहिला मोठा धक्का हिरोशिमाकडून बसला. तेथील पाणी फारच मृदू. नादाची कृती तेथे जशीच्या तशी वापरली की किण्वन मंदावे आणि माल बिघडे. मिउरा सेन्झाबुरो (१८४७ ते १९०८) या साके करणाऱ्याने अनेक वर्षांच्या खटपटीने मृदू पाण्यास अनुरूप अशी कृती बसविली : कोजी तांदळाच्या दाण्यात आतवर भिनेल अशी वाढवावयाची आणि कमी तापमानावर किण्वन सावकाश होऊ द्यावयाचे. १८९८ मध्ये त्याने ही पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. गुपित म्हणून घराण्यात दडवून ठेवली नाही. १९०७ मध्ये अखिल जपानी पातळीवर साकेचे पहिले तुलनात्मक परीक्षण भरले, तेव्हा हिरोशिमाच्या साकेने वरची पारितोषिके मिळविली. नाव झाकून चव घेतली असता भूगोलाची प्रतिष्ठा टिकत नाही, ही गोष्ट या परीक्षणाने प्रथमच सर्वांच्या नजरेस आणली.

परंतु व्यापाऱ्याच्या जागी आता जो नवा परीक्षक आला, तो कोण होता याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानी राज्याच्या उत्पन्नात मद्यावरील कराने जमीनमहसुलालाही मागे टाकले होते. १८९९ मध्ये घरगुती साके करण्यावर पूर्ण बंदी आली. कर विक्रीवर नसून तयार झालेल्या मालाच्या मापावर होता. म्हणजे पिंपातील साके नासली तर करही गेला आणि मालही गेला, अशी कुराच्या धन्याची अवस्था होई. साके नासणे हा अशा रीतीने राज्याच्या तिजोरीचा प्रश्न बनला. १९०४ मध्ये तोक्योतील ताकिनोगावा येथे स्थापन झालेली मद्यनिर्मिती प्रयोगशाळा शेतीखात्याच्या वा शिक्षणखात्याच्या नव्हे, तर अर्थखात्याच्या अधिकाराखाली होती, याचे कारण हेच. तिच्या कार्याचे मोल मोठे आहे. १९०९ मध्ये कागी किनइचिरो याने ‘यामाहाइ’ ही, आणि १९१० मध्ये एदा केन्जिरो याने दुग्धाम्ल बाहेरून घालून किण्वाचे विरजण लवकर व निर्धोकपणे तयार करण्याची ‘सोकुजो’ ही पद्धत सिद्ध केली. १९११ मध्ये नव्या साकेचे राष्ट्रीय परीक्षण सुरू झाले. काही वर्षांचे खंड वगळता ते आजतागायत चालू आहे. प्रांतोप्रांतीच्या करकचेऱ्यांतही साकेची चव घेऊन सल्ला देणारे तज्ज्ञ नेमले गेले. करखात्याचा अधिकारी हाच चवीचा पंतोजी, असा हा विलक्षण योग होता.

परीक्षणाची साधने आणि परिभाषा याच काळात स्थिर झाली. चव घेण्यासाठी पांढऱ्या चिनी मातीचा पेला वापरतात. त्याच्या तळाशी दोन निळी वर्तुळे असून त्यांना ‘जानोमे’, म्हणजे ‘सापाचा डोळा’, असे नाव आहे. पांढऱ्या भागावर साकेचा रंग व निळ्या रेषेच्या कडेवरून तिची नितळता पाहावयाची, मग वास घ्यावयाचा, थोडी साके जिभेवर फिरवून तोंडातून उठणारा गंध नाकाने टिपावयाचा आणि ती थुंकून टाकावयाची, असा क्रम असतो. या क्रियेला ‘किकिझाके’ म्हणतात. त्यातील ‘किकु’ या क्रियापदाच्या उच्चाराखाली ‘ऐकणे’, ‘विचारणे’ आणि ‘गुण येणे, तीक्ष्णपणे काम करणे’ असे अर्थ एकत्र नांदतात, आणि लिपीत ते निरनिराळ्या चिन्हांनी दाखविले जातात. सुगंधी लाकूड जाळून त्याचा वास ओळखण्याच्या जपानी कलेतही वास ‘घेत’ नाहीत, ‘ऐकतात’.

चवीच्या परंपरागत वर्गीकरणात साकेचे पाच रस मानतात : गोड, आंबट, झणझणीत, कडवट आणि तुरट. आयुर्वेदातील षड्रसांपैकी लवण वगळता उरणारे पाच रस हेच होत, हे साम्य लक्षणीय आहे. यांतील ‘झणझणीत’ हा रस मात्र विशेष विचार करण्याजोगा आहे. त्याचा वाचक ‘कराइ’ हा शब्द मिरचीच्या तिखटपणालाही लावतात. साकेच्या संदर्भात मात्र तो ‘गोड नसलेली’ या अर्थी येतो. गोडसर साके ती ‘अमाकुची’, आणि तिच्या उलट ती ‘कराकुची’. रसवाचक शब्दांचे असे स्थलांतर मराठीलाही अपरिचित नाही. संस्कृतात ‘कटु’ म्हणजे मिरे-सुंठीचा झणझणीत रस. त्यापासून आलेला मराठी ‘कडू’ हा शब्द मात्र कडुनिंबाच्या रसाला, म्हणजे संस्कृतातील ‘तिक्त’ रसाला, लावला जातो. जीभ तीच राहते. शब्दांनी आपली घरे बदललेली असतात.

शब्दाच्या या सामर्थ्याचा पुरावा दोषवाचक परिभाषेतही सापडतो. साठवणीतून येणारा जुनाट वास ताज्या साकेत आढळला की त्याला ‘हिनेका’, म्हणजे ‘म्हातारा गंध’, म्हणून गुण कापतात. जाणीवपूर्वक अनेक वर्षे मुरविलेल्या साकेतील पक्वपणाला मात्र ‘जुकुसेइका’, म्हणजे ‘परिपक्व गंध’, असे गौरवाने म्हणतात. या दोहोंच्या मुळाशी असणाऱ्या द्रव्यांत रसायनशास्त्र भेद दाखवू शकते. तथापि पेला हाती घेणाऱ्याच्या अपेक्षेवर शब्दाची निवड पुष्कळशी अवलंबून असते, हे नाकारता येत नाही.

परीक्षण आणि कर यांचा संबंध युद्धकाळात अधिकच घट्ट झाला. १९४३ मध्ये सरकारी परीक्षणाच्या आधारे साकेचे वर्ग पाडून त्यांवर कमीअधिक कर बसविण्यात आला. युद्धानंतर ही व्यवस्था ‘विशेष’, ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ अशा तीन वर्गांत स्थिरावली. वरच्या वर्गासाठी माल परीक्षणास पाठवावा लागे आणि वर्ग मिळाल्यावर कर व किंमत दोन्ही वाढत. जी साके परीक्षणासच पाठविली नाही, ती आपोआप दुसऱ्या वर्गात गणली जाई. परिणामी बाटलीवरील वर्ग हा चवीचा निवाडा आहे की भरलेल्या कराची पावती आहे, हे गिऱ्हाइकाला कळण्यास मार्ग उरला नाही. याच सुमारास, तांदळाच्या टंचाईमुळे, मूळ साकेत पातळ केलेला मद्यार्क, साखर, आम्ले व चवीची द्रव्ये मिसळून तिचे आकारमान जवळजवळ तिप्पट करण्याची प्रथा पडली. टंचाई सरली तरी प्रथा सरली नाही. अशी मिश्र व गोडसर साके वर्गाच्या शिक्क्यासह विकली जात असता, केवळ तांदूळ, कोजी व पाणी यांपासून निष्ठेने केलेली एखाद्या लहान कुराची साके परीक्षणाचा व कराचा भार न सोसल्यामुळे ‘दुसऱ्या वर्गाची’ म्हणून ओळखली जाई.

या विसंगतीला मिळालेले उत्तरही भाषिकच होते. मियागी प्रांतातील इचिनोकुरा या कुराने १९७७ मध्ये आपली साके परीक्षणास न पाठविता ‘मुकान्सा’, म्हणजे ‘अपरीक्षित’, या नावाने विक्रीस आणली. खरी पारख पिणाऱ्यानेच करावी, असा आशय बाटलीच्या चिठ्ठीवरच छापलेला होता. उणिवेचा शब्द येथे बिरुद बनला. याच दशकात निइगाता प्रांतातील हलक्या, स्वच्छ व गोडवा नसलेल्या साकेला मागणी वाढली आणि ‘तान्रेइ कराकुची’ हे शब्द प्रशंसेचे ठरले. दुसरीकडे साकेचा एकूण खप मात्र १९७३ च्या सुमारास शिखर गाठून उतरणीस लागला होता. आज तो त्या वेळच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याइतका आहे. लोकांचा शिक्क्यावरील विश्वास उडाला होता, आणि त्याची किंमत चांगल्या कुरांनाही मोजावी लागली.

आधी ‘विशेष’ वर्ग आणि १९९२ मध्ये उरलेली वर्गव्यवस्था रद्द झाली. तिच्या जागी, १९८९ मध्ये ठरवून १९९० पासून अमलात आणलेली नवी नामावली आली. तिचा पाया चव हा नसून कृती हा आहे. तांदूळ सडून मूळ वजनाच्या ६० टक्के किंवा त्याहून कमी उरला असेल तर ‘गिन्जो’, ५० टक्के किंवा त्याहून कमी उरला तर ‘दाइगिन्जो’. बाहेरचा मद्यार्क मुळीच न घातल्यास ‘जुन्माइ’, म्हणजे ‘शुद्ध तांदळाची’. तिप्पट केलेल्या मिश्र साकेला २००६ च्या कायद्याने ‘सेइशू’ या नावातूनच वगळले. राज्याने चवीचा निवाडा सोडून मोजता येणाऱ्या गोष्टीपुरते आपले म्हणणे मर्यादित केले, हा मोठाच पालट होय.

परंतु मोजता येणारी गोष्टही चवीचे काम पूर्णपणे करू शकत नाही. साकेच्या घनतेवरून काढलेला ‘निहोन्शुदो’ हा अंक बाटलीवर पुष्कळदा छापलेला असतो. साखर अधिक असल्यास तो ऋण आणि कमी असल्यास धन येतो. तथापि मद्यार्काच्या प्रमाणानेही घनता बदलते; शिवाय दोन सारख्या अंकांच्या सांकेत जिच्यात आम्लता अधिक तीच कमी गोड लागते. तापमानाचाही परिणाम असतो. ३० अंश सेल्सिअसच्या कोमट साकेला ‘उन्हातली’, ३५ अंशांच्या साकेला ‘माणसाच्या कातडीची’, १० अंशांच्या साकेला ‘फुलांच्या गारव्याची’ आणि ५ अंशांच्या साकेला ‘बर्फाच्या गारव्याची’ अशी नावे जपानीत आहेत. एकच साके या निरनिराळ्या अवस्थांत निरनिराळी उतरते. मग बाटलीवरचा एक अंक कोणत्या अवस्थेविषयी बोलतो?

सडण्याचे प्रमाण हीच प्रतिष्ठेची खूण झाल्यावर परीक्षणातही एक नवा साचा तयार झाला. १९२३ मध्ये संकर करून १९३६ मध्ये नाव दिलेली ‘यामादा निशिकी’ ही तांदळाची जात, कुमामोतोचे किण्व आणि ३५ टक्के उरेपर्यंत सडलेला दाणा, हे पारितोषिकाचे सूत्र मानले जाऊ लागले. पुढे सफरचंदासारखा दरवळ देणारे एथिल कॅप्रोएट विपुल निर्माण करणारी किण्वे आली. तीव्र गंधाच्या पेल्यानंतर सौम्य गंधाचा पेला फिका वाटतो. म्हणून राष्ट्रीय परीक्षणात या द्रव्याचे प्रमाण आधी मोजून त्या क्रमाने नमुने मांडण्याची व्यवस्था करावी लागली. कोणत्या पेल्याशेजारी कोणता पेला ठेवला आहे, यावरही निकाल फिरतो, याची ही अधिकृत कबुलीच म्हणावी लागेल. २००६ मध्ये याच राष्ट्रीय संस्थेच्या संशोधकांनी साकेच्या गंध-रसांची परिभाषा चक्राकृतीत मांडून तिच्या जोडीला प्रमाण नमुने दिले. ‘पुरुषी’ आणि ‘बायकी’ या जुन्या विशेषणांच्या जागी केळे, सफरचंद, धान्य, गवत, मध अशा पदार्थांची नावे आली. या नव्या शब्दांचा विशेष हा की, ते तपासून पाहता येतात. दोन परीक्षकांत मतभेद झाल्यास नमुन्याची कुपी उघडून तो मिटविता येतो.

व्यापारी, करअधिकारी, प्रयोगशाळा आणि ग्राहक या चौघांनी साकेच्या तुलनेला आपापली भाषा दिली. यांपैकी कोणतीही भाषा सर्वस्वी खोटी नव्हती. परंतु जिच्या पाठीशी सत्ता उभी राहिली, तिने इतरांना काही काळ मुके केले. नाव झाकून घेतलेल्या चवीने हिरोशिमाला न्याय मिळवून दिला, आणि त्याच परीक्षणाला कराची जोड मिळताच लहान कुरांवर अन्याय झाला. डिसेंबर २०२४ मध्ये कोजीच्या साहाय्याने साके व इतर मद्ये करण्याच्या पारंपरिक जपानी विद्येची नोंद युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली. या नोंदीमुळे साकेच्या पारखीत आणखी एका परीक्षकाची, म्हणजे जागतिक कीर्तीची, भर पडली आहे. ‘वारसा’ हा शब्दही ‘विशेष वर्ग’ या शब्दाप्रमाणे शिक्का होऊन बसणार की कुरांतील विविधतेला बळ देणार, हे शेवटी परीक्षणाची पद्धत किती उघडी व पडताळून पाहण्याजोगी राहते यावर अवलंबून राहील. निशिनोमियाचे पाणी उओझाकीला नेऊन पाहणाऱ्या कारखानदाराने त्या पद्धतीचा नमुना १८४० मध्येच घालून दिलेला आहे.